डाव्या खांद्यावरची चीर

मित्रांनो, मी हळदीच्या ढोलाचा शाफ्ट. आठ हंगाम मी एकाच ढोलात फिरलो. त्यातले सात चांगले गेले. पण गोष्ट सांगायला बसलो की मला ते सात फारसे आठवत नाहीत. आठवतात ते आठव्या हंगामातले एकवीस दिवस. मी तुटणार आहे हे त्या दिवसांत मला कळत होतं, माझ्या बाजूला एक बाई बसलेली होती, आणि तिला सांगायला मला तोंड नव्हतं.

आधी ढोल म्हणजे काय ते सांगतो. शेतातून काढलेली हळद शिजवतात आणि उन्हात वाळवतात. वाळलेलं हळकुंड खडबडीत असतं, काळपट सालीचं, बारीक मुळ्या चिकटलेलं. ते भोकाभोकांच्या पत्र्याच्या मोठ्या ढोलात भरतात आणि ढोल फिरवतात. हळकुंडं एकमेकांवर घासतात, पत्र्यावर घासतात. सालीचा भुसा होऊन भोकांतून खाली गळतो आणि आत पिवळीधमक हळद उरते. आमच्या हिंगोली जिल्ह्यात उन्हाळा आला की गावोगावच्या खळ्यांवर असे ढोल गरगरत असतात.

त्या ढोलाच्या पोटातून आरपार गेलेला जाड पोलादी दांडा म्हणजे मी. ढोल माझ्या अंगावर पक्का बसवलेला होता, त्यामुळे तो फिरला की मीही फिरत असे. माझी दोन टोकं दोन बाजूंच्या बेरिंगमध्ये. उजव्या टोकावर साखळीचं दातेरी चाक होतं, ट्रॅक्टर मला तिथून फिरवायचा. डावं टोक नुसता भार पेलायचं. चार क्विंटल हळद, वर ढोलाचं वजन, आणि ते सगळं माझ्या दोन टोकांवर.

माझा जन्म आखाडा बाळापूरचा. तिथल्या बाजाराच्या मागे मसाजी नावाच्या कारागिराचं लेथमशीन होतं. नांदेडहून आलेल्या पोलादाच्या लांब सळईतून त्यांनी मला कापलं आणि लेथच्या जबड्यात आवळलं. मशीन सुरू झालं, मी गरगर फिरू लागलो आणि समोरून टोकदार हत्यार माझ्याकडे सरकू लागलं. मला वाटलं, हे आता मला संपवणार. माझ्या अंगाचे तापलेले निळे वळसे निघून खाली पडत होते.

मसाजींची लेक मोहिनी हिंगोलीच्या आयटीआयमध्ये टर्नरचं काम शिकून आली होती आणि बापाच्या हाताखाली उभी असायची. तिने माप लावून पाहिलं आणि म्हणाली, "आबा, माप तर बराबर आलं. आता काहून घासून राहिलात?"

"माप आलं, माय. कातडी न्हाई आली अजून," मसाजी म्हणाले. "हितं नख फिरव बरं."

तिने माझ्या अंगावरून नख फिरवलं. नख खरखरलं.

"लागलं ना? ह्या हत्याराच्या सऱ्या हायेत. डोळ्याला दिसत न्हाईत, पण शाफ्ट तुटायचा तर ह्याच्यातूनच सुरू व्हतो. अन् तुटतो कुठं, सांग?"

"खांद्यापाशी," मोहिनी म्हणाली.

मित्रांनो, माझं जाड अंग जिथे संपतं आणि बेरिंगमध्ये जाणारं बारीक टोक सुरू होतं, त्या पायरीला खांदा म्हणतात. भार वाहताना सगळ्यात जास्त ओढ तिथे बसते. मसाजींनी त्या खांद्याचा कोपरा काटकोनात ठेवला नाही. त्याला हळूहळू गोलाई दिली. मग अगदी बारीक बारीक कट घेऊन सऱ्या काढून टाकल्या. आणि शेवटी एक कडक पोलादी रोलर माझ्या फिरत्या अंगावर दाबून धरला.

तो दाब मी विसरणार नाही. माझी वरची कातडी पसरू पाहत होती आणि खालचं अंग तिला पसरू देत नव्हतं. मग ती आपल्या जागीच दाटून बसली, औंढ्याच्या जत्रेत माणसाला माणूस खेटून उभा असतो तशी. तो दाब रोलर निघून गेल्यावरही माझ्या कातडीत राहिला.

"निसतं घासलं तरी गुळगुळीत दिसंल," मसाजी लेकीला सांगत होते. "पण रोलरनं दाबलं का कातडी आवळून बसती. चीर पडायला गेली तरी तिला उघडायला जागा न्हाई. दिसणं येगळं अन् आतला ताण येगळा. आतलं डोळ्याला दिसत न्हाई, म्हून करायचं सोडायचं न्हाई."

तिथून मी शिरड शहापूरला आलो. संतराम आणि नर्मदाबाई या नवरा-बायकोने तो ढोल घेतला होता. स्वतःची हळद झाली की ते गावातल्या इतरांचीही हळद घासून देत. संतराम बोलायला कमी आणि नेमाचे माणूस. रोज सकाळी ढोल सुरू करण्याआधी ते दोन्ही बेरिंगमध्ये ग्रीस भरत. मग रिकामा ढोल हाताने एकदा फिरवून बघत, बेरिंगवर तळवा ठेवून कान देत, आणि मगच नर्मदाबाईंना म्हणत, "हां, बस आता."

नर्मदाबाई ढोलाच्या डाव्या बाजूला बसायच्या. खाली गळणारा भुसा त्या फावडीने ओढून घ्यायच्या. फावडी मारताना त्यांचं डोकं माझ्या डाव्या टोकापासून हातभर अंतरावर असायचं. हंगाम संपला की संतराम मला तेलाच्या चिंधीने पुसत आणि ढोलावर ताडपत्री बांधत. "संतरामच्या ढोलाची हळद बाजारात लांबून ओळखू येते," असं लोक म्हणत आणि मला आत कुठेतरी ऊब वाटे. पाचव्या वर्षी त्यांच्या मुलाचं, शिवहारचं, लग्न झालं. सून पुनम आखाडा बाळापूरचीच होती, मोहिनीच्या घराजवळची, तिच्यासोबत शाळेत शिकलेली. पुढे नर्मदाबाईंचे गुडघे दुखू लागले आणि डाव्या बाजूची जागा पुनमकडे आली.

सातवा हंगाम संपला आणि पंधरा दिवसांत संतराम गेले. दुपारी छातीत दुखतं म्हणाले, आणि दवाखान्याच्या वाटेवरच सगळं आटोपलं.

घरावर दुःख कोसळलं होतं, तिथे ढोलाची आठवण कोणाला राहणार? मी कोणाला दोष देत नाही. पण तो सबंध पावसाळा मी खळ्यावर उघडा उभा होतो. ताडपत्री बांधली गेली नाही. डाव्या बेरिंगमध्ये पाणी शिरलं आणि तिथेच राहिलं. अंधाऱ्या बेरिंगमध्ये काहीतरी माझी कातडी कुरतडत होतं. गंज, मित्रांनो. मसाजींनी इतक्या कष्टाने दाबून बसवलेल्या कातडीला त्याने मुगाच्या दाण्याएवढे खड्डे पाडले. मला हलता येत नव्हतं. दिवसामागून दिवस मी नुसता ते सहन करत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात शिवहारने ढोल सुरू केला. ग्रीस भरायचं त्याच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी डावं बेरिंग जाम झालं. त्याची आतली कडी माझ्या अंगावर घसरत फिरू लागली आणि उरलेली कातडीही खरवडून गेली. ढोल बंद पडला.

शिवहारने मला ढोलातून काढून बाळापूरला नेलं. मसाजींना आता दिसत नव्हतं, लेथ मोहिनी चालवत होती. तिने मला उजेडात फिरवून पाहिलं, खड्ड्यांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"दाजी, हा गेला. नवा करावा लागंल. नांदेडहून माल आणायचा, तीन दिवस धरा."

"तीन दिवस!" शिवहार म्हणाला. "हरिचंदकाकाची सगळी हळद खळ्यावर पडून हाये, मोहिनीताई. आभाळ येऊन राहिलं रोज. अवकाळी आला तर त्यांनी कुणाकडं पाहायचं?"

"कळतंय मला. पण ऐका. वेल्डिंग मारून भरून देणारे लई हायेत. तसं करू नका. वेल्डिंगचा थर गार व्हताना आक्रसतो, त्याची ओढ आतच अडकून राहती. खांद्यावर असली ओढ ठेवली तर शाफ्ट सांगून तुटत न्हाई."

शिवहारने आभाळाकडे पाहिलं. मग मला पुन्हा पोत्यात गुंडाळलं आणि मोटारसायकलला बांधलं. मोहिनी दारात येऊन काहीतरी म्हणाली, पण गाडीच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नाही. मला मात्र ऐकू आलं. ती म्हणाली, "पुनम बसती ना तिथं."

रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगच्या दुकानात त्याने मला दिलं. तिथला माणूस वाईट नव्हता. त्याला तासाभरात काम मागितलं होतं आणि त्याने ते तासाभरात केलं. झालं ते असं.

आधी आग आली. माझ्या डाव्या टोकावर वितळलेल्या लोखंडाचे थर एकावर एक चढले. मग तो थर गार होऊ लागला. गार होताना त्याला आक्रसायचं होतं, पण माझं खालचं गार अंग त्याला आक्रसू देईना. हलगीचं ओलं कातडं कडीवर ताणून वाळवतात ना, तसा तो माझ्यावर ताणला गेला. वाजवायला कोणी हात लावला नव्हता, तरी आत ताण तटतटत होता. एकेकाळी जिथे दाब होता, तिथे आता ओढ होती.

मग हातग्राइंडर आला. त्याने जादाचं लोखंड ठिणग्या उडवत खरवडलं. पाणी नाही, विसावा नाही. माझ्या अंगावर निळे-जांभळे डाग उमटले. मोहिनी तिथे असती तर तिने ते डाग पाहताच हात आवरायला सांगितलं असतं, कारण पोलाद भाजलं की असे डाग येतात आणि भाजलेल्या कातडीत ओढ आणखी वाढते. खांद्याच्या गोलाईची आठवण कोणाला असणार? ग्राइंडरची चकती तिथे सरळ शिरली आणि कोपरा काटकोनात कापला गेला. शेवटी पॉलिश पेपर आला. निळे डाग पुसले गेले. आडव्या ओरखड्यांवर चकाकी चढली.

शिवहारने मला उन्हात धरलं. "वा! आरशावानी केला की राव. नवा बी असा न्हाई दिसत."

खरंच मी नवा दिसत होतो. जन्मापासून मी इतका कधी चमकलो नव्हतो, आणि जन्मापासून इतका घाबरलोही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या बेरिंगमध्ये ग्रीस भरून मला ढोलात बसवलं. हरिचंदकाकांची हळद भरली गेली. हरिचंद म्हणजे शेजारचे शेतकरी, संतरामांचे जुने दोस्त. पुनम पदराने नाक-तोंड बांधून डाव्या बाजूला बसली. ट्रॅक्टर सुरू झाला.

फिरणाऱ्या शाफ्टचं दुखणं तुम्हाला सांगतो. भार वरून दाबतो, म्हणून माझं टोक किंचित वाकतं. खांद्याची एक बाजू ताणली जाते, समोरची दाबली जाते. मी अर्धा वळसा घेतला की दाबलेली बाजू ताणली जाते. मिनिटाला पंचवीस फेरे, आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. प्रत्येक फेऱ्यात ओढ, दाब, ओढ, दाब. मसाजींच्या रोलरने बसवलेला दाब माझ्या अंगी असताना मी त्या ओढीला पुरून उरत होतो. आता आधीच ओढलेली कातडी आणखी ओढली जात होती.

चौथ्या दिवशी चीर पडली. काटकोनी कोपऱ्यात, एका ओरखड्याच्या तळाशी, केसाहून बारीक. आवाज झाला नाही. मला फक्त गार वाटलं, आत वारा शिरल्यासारखं.

तिथून पुढचे दिवस कसे काढले, काय सांगू? प्रत्येक फेऱ्याला चीर उघडायची आणि मिटायची, उघडायची आणि मिटायची. प्रत्येक वेळी ती किंचित आत सरकायची. ढोल थांबला की तीही थांबायची, आणि सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला की मला वाटायचं, आज. पुनम तशीच शेजारी बसायची. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झालेले असायचे. दुपारी ती भाकरी घेऊन तिथेच लोखंडी चौकटीला पाठ टेकायची, आणि तिच्या पाठीची ऊब चौकटीतून माझ्यापर्यंत यायची. कधी ती माहेरच्या माणसांशी फोनवर बोलायची. "सगळं बरं हाये," म्हणायची. मला ओरडावंसं वाटायचं की नाही, बरं नाही, ऊठ तिथून.

आठव्या दिवशी चीर खांद्याभोवती अर्धी फिरली. बाराव्या दिवशी ती बोटभर आत गेली. मी भार दुसऱ्या बाजूला ढकलायचा प्रयत्न केला, पण शाफ्टला बाजू नसतात. जे अंग शाबूत होतं त्यावर सगळा भार येत होता, आणि ते अंग रोज कमी होत होतं. चिरेचे दोन काठ एकमेकांवर घासून त्यातून लाल भुकटी निघू लागली. बेरिंगच्या ग्रीसमधून वाट काढत ती हळूहळू बाहेर आली.

एकविसाव्या दिवशी पुनमला ती दिसली.

तिने फावडी बाजूला ठेवली आणि वाकून पाहिलं. माझ्या डाव्या टोकापाशी साचलेल्या पिवळ्या भुशावर लाल रेघ उमटली होती. तिने पदराने पुसली. थोड्या वेळाने पाहिलं, तर पुन्हा तिथेच.

"आत्याबाई," तिने खळ्याच्या कडेला हळद निवडत बसलेल्या नर्मदाबाईंना हाक मारली. "हितं या बरं. हळदीवर कुंकवावानी काय येऊन राहिलं?"

नर्मदाबाई गुडघे धरत आल्या. त्यांनी ती भुकटी बोटावर घेतली, चोळली. "पाच-सहा साल बसले मी हितं. असलं कंदी न्हाई पाहिलं."

शिवहार ट्रॅक्टरपाशी होता. त्याने तिथूनच सांगितलं, "गंज असंल, आई. पावसात व्हता ना तो. चालू द्या, दोनच खेपा राहिल्या."

पुनमने पुन्हा वाकून ती रेघ पाहिली. तिने मोबाईलवर फोटो काढला आणि मोहिनीला पाठवला. पाच मिनिटांत फोन वाजला. मी अगदी जवळ होतो, मला मोहिनीचा आवाज नीट ऐकू आला.

"पुनम, तू कुठं बसलीस?"

"हितंच, डाव्या अंगाला."

"ऊठ."

"अगं, पण ते काय हाये ते तर..."

"ऊठ आधी. मंग बोल."

पुनम उठली. चार पावलं मागे सरकली. त्या क्षणी माझ्यातून काय गेलं ते मला सांगता येणार नाही. मोहिनी पुढे म्हणाली, "शाफ्ट आतून चिरला का असली लाल माती सोडतो. ढोल बंद करा. माल काढून घ्या. खाली कोणी जाऊ नका. मी निघाले."

पुनमने नवऱ्याला सगळं सांगितलं. शिवहारने ढोल थांबवला, पण त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं. हरिचंदकाका मागाहून वाळलेली आपली हळद पोत्यांत भरत होते आणि मध्येच आभाळाकडे पाहत होते.

"फोटूवरून काय कळतंय तिला?" शिवहार म्हणाला. "आरशासारखा केलाय तो शाफ्ट. आतली खेप तर निघू दे. तू नको बसू, मी बसतो तिथं."

तो ट्रॅक्टरकडे वळला. पुनम त्याच्या आधी पोहोचली. तिने किल्ली काढून घेतली आणि मुठीत धरली.

"किल्ली दे, पुनम."

"न्हाई."

"लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या. तुमी तिथं बसलेले मला चालणार न्हाई."

शिवहारने हात पुढे केला. पुनमने मूठ पाठीमागे नेली. ती जागची हलली नाही. तेवढ्यात नर्मदाबाई दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"किल्ली तिच्यापाशीच राहू दे," त्या म्हणाल्या. "तुझा बाप रोज सकाळी हात लावून पाहायचा अन् मंगच मला बस म्हणायचा. तू एक दिस तरी हात लावलास का रं?"

शिवहारने हात मागे घेतला. मग तो माझ्याकडे आला, आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात भयंकर घटका सुरू झाली. चीर खरंच आहे का हे बघायला तो डाव्या टोकाखाली शिरला. ढोलात चार क्विंटल हळद होती. मी फिरत नव्हतो, पण भार अंगावर होताच. त्याचा चेहरा माझ्या अगदी खाली होता. त्याचा श्वास मला लागत होता. चीर उघडी होती आणि तिच्या टोकाशी पोलादाचे कण एकेक करून सुटायला पाहत होते. मी स्वतःला धरून ठेवलं. कशाने धरलं, मला माहीत नाही.

"शिवहार! भाईर ये!" हरिचंदकाका ओरडले. "आधी माल काढ, मंग काय पाहायचं ते पाहा!"

तो बाहेर आला. ढोलाचं दार उघडलं, सगळ्यांनी बाजूला उभं राहून दाताळ्याने हळद ओढून काढली. भार उतरत गेला. ढोलाखाली लाकडाचे ओंडके लावले. आणि मग ऊन कलायच्या आत मोहिनी स्कूटीवरून येऊन पोहोचली.

तिने बेरिंग सोडवलं. माझं डावं टोक उघडं पडलं, अजूनही चकचकीत. शिवहार म्हणाला, "बघा, कुठं हाये चीर?"

"अशी न्हाई दिसणार, दाजी. भार उतरला का तोंड मिटतं तिचं, अन् वरून ही चकाकी." तिने डिझेलमध्ये भिजवलेला फडका माझ्या खांद्याला गुंडाळला आणि थांबली. मग फडका काढून मला कोरडंठक्क पुसलं. पिशवीतून शाळेतला पांढरा खडू काढला आणि खांद्यावर सगळीकडे घासला. मी पांढरा झालो.

"आता पाहा. चिरेत डिझेल शिरलं असंल तर ते भाईर येईल."

सगळे वाकून बघत होते. आधी काहीच दिसलं नाही. मग पांढऱ्या खडूवर एक ओलसर काळी रेघ उठली. ती दोन्ही बाजूंनी लांबत गेली, वाकत गेली आणि माझ्या पाठीमागे दिसेनाशी झाली. मोहिनीने ढोल हाताने हळूच वळवला. रेघ मागच्या बाजूनेही चालूच होती.

शिवहार मागे सरला.

मला ढोलातून ओढून काढलं, दगडावर आडवं ठेवलं. डावं टोक दगडाच्या बाहेर राहिलं. मोहिनी म्हणाली, "घण आणा, दाजी. तुमीच मारा."

शिवहारने घण उचलला. एकच घाव बसला, आणि माझं टोक तुटून मातीत पडलं.

त्याने ते हातात घेतलं. तुटलेल्या तोंडावर बहुतेक भाग काळसर-लाल आणि घासून सपाट झालेला होता. त्यावर एकामागून एक वाकड्या रेघा होत्या, तळ्याचं पाणी आटत जाताना काठावर राहतात तशा. कडेला अंगठ्याएवढी जागा मात्र ताजी होती, साखरेच्या कणांसारखी चमकणारी.

"एवढंच शाबूत व्हतं," मोहिनी त्या अंगठ्याएवढ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली. "ह्या रेघा दिसत्यात ना? ढोल थांबला अन् पुन्हा सुरू झाला, तशी एकेक पडली. इतके दिवस हा तुटूनच राहिला व्हता."

शिवहारने त्या चमकत्या जागेवर अंगठा ठेवून पाहिला. तो तुकडा हातात घेऊन डाव्या बाजूला गेला आणि पुनम जिथे बसायची तिथे मातीत बसला. तिथून त्याने वर पाहिलं. ढोल अगदी त्याच्या डोक्यावर होता. पुनमने जाऊन किल्ली त्याच्या हातात ठेवली, तेव्हा त्याने किल्लीसकट तिचा हात धरला. नर्मदाबाईंनी तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला.

पाऊस आलाच. हळदीवर ताडपत्र्या ओढता ओढता सगळे भिजले. हरिचंदकाकांची चार-पाच पोती ओली झाली. ती पुन्हा वाळवावी लागली, आणि काकांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मोहिनीने तीन दिवसांत नवा शाफ्ट करून दिला. तो माझ्याइतका चकचकीत दिसत नव्हता.

माझं मोठं अंग बाळापूरच्या दुकानात एका कोपऱ्यात पडलं आहे. पण हे तुटलेलं टोक, जे आता तुमच्याशी बोलतं आहे, ते शिवहारच्या पिशवीत असतं. कारण त्या दिवसानंतर तो स्वस्थ बसू शकला नाही. मला भरून देणाऱ्या दुकानात त्या हंगामात आणखी किती ढोलांचे शाफ्ट भरले गेले, हे त्याने जाऊन विचारलं. त्या माणसाने आठवून आठवून गावं सांगितली आणि सांगता सांगता त्याचाही चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तोही शिवहारबरोबर निघाला.

काल आम्ही सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या एका वस्तीवर गेलो. ढोलाचे मालक रतनसिंग खळ्यावरच भेटले. ढोल फिरत होता. डाव्या बाजूला भिकाबाई नावाची म्हातारी मजूर बाई भुसा ओढत होती.

"आमचा शाफ्ट आत्ताच दुरुस्त केलाय," रतनसिंग हसून म्हणाले. "कसा चमकून राहिला, पाहा की."

शिवहारने मला त्यांच्या हातावर ठेवलं. "माझा बी असाच चमकत व्हता, काका."

रतनसिंगांनी माझं तुटलेलं तोंड पाहिलं. हसू मावळलं. त्यांनी हात वर करून ढोल थांबवायला सांगितलं. भिकाबाईला उठवलं, माल काढला, बेरिंग सोडवलं. डिझेलचा फडका गुंडाळला. पुसलं. खडू लावला. मी रतनसिंगांच्या मुठीतून बघत होतो. पांढऱ्यावर बराच वेळ काही आलं नाही, आणि माझ्या मनात आशा उभी राहू लागली. मग खांद्याच्या कोपऱ्यात ओलं काहीतरी चमकलं, आणि करंगळीच्या पेराएवढी एक काळी रेघ हळूच वर आली.

भिकाबाई बाजूला उभी राहून ती बघत होती. तिने नुसता मानेवरून हात फिरवला.

मित्रांनो, यादीतली अजून सहा गावं बाकी आहेत. आज या घडीला तिथे ढोल फिरत असतील आणि त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला कोणीतरी बसलेलं असेल. मला त्यांची भीती वाटते. तुमच्या गावात ढोल असो, मळणीयंत्र असो की कडबा कापायचं मशीन, त्याचं लोखंड किती चमकतं हे विचारू नका. ती चमक कशी आली, ते विचारा. ते तापवलं का, भाजलं का, त्याचा कोपरा कापला का, हे विचारा. एक खडू आणि डिझेलचा एक फडका घेऊन जा. आणि रेघ येते की नाही हे कळेपर्यंत, कोणी कितीही घाईत असलं तरी, त्याच्या बाजूला बसलेल्या माणसाला आधी उठवा.